रेसिडेन्सीची कोठी आणि तिचे धनी

लातूर, नांदेडकडील सुशिक्षित कुटुंबांत हैदराबाद संस्थानाचा विषय निघाला म्हणजे बोलणे बहुधा दोन ठिकाणी जाऊन थांबते. एक निजामाची देवडी आणि दुसरे रझाकारांचा धुमाकूळ. हे स्वाभाविक आहे. ज्या पिढीने १९४८ चे वर्ष सोसले तिला आणखी काही आठवावे अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचेच होईल. परंतु ज्या सत्तेने सुमारे दीडशे वर्षे या मुलखाचे भवितव्य ठरविले ती केवळ निजामाच्या देवडीत नांदत नव्हती. मुसा नदीच्या उत्तर तीरावर, जुन्या शहराच्या तटाबाहेर, तिचे दुसरे घर होते. आणि देवडीतून निघणारे कित्येक हुकूम आधी या दुसऱ्या घरात ठरत असत. हे घर म्हणजे इंग्रज रेसिडेंटाची कोठी होय. हैदराबादेतील त्या साऱ्या भागाला लोक आजही 'कोठी' याच नावाने ओळखतात. मात्र ती कोणाची कोठी, हे विचारण्याचे कारण आता कोणास पडत नाही.

शिरूर अनंतपाळ हे गाव आज लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठाणे आहे. निलंगा, उदगीर, अहमदपूर हा सारा टापू १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत होता, आणि बीदर हा हैदराबाद राज्याचा जिल्हा होता. या टापूतील कुणब्याने रेसिडेन्सीचे नाव ऐकले असेल वा नसेल. पण ती कोठी निजामाच्या खजिन्यातून उभी राहिली, आणि खजिना म्हणजे अखेर रयतेने भरलेला सारा. त्या अर्थाने या इमारतीच्या खर्चाचा एक वाटा आपल्याकडील गावांच्या नावावर मांडला गेला आहे. म्हणून हैदराबादच्या या कोठीचा इतिहास परक्या शहरातील परक्या वास्तूचा इतिहास नसून आपल्या घरच्या जमाखर्चाचे एक पान आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते पान येथे उलगडून पाहावयाचे आहे.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेल्या मुखत्याराला 'वकील' म्हणतात. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी होते आणि त्यांची पत्रे इतिहासाच्या अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. वकिलाचे काम धन्याच्या वतीने बोलणे, दुसऱ्याचे बोलणे ऐकणे व दोन्हींचा वृत्तांत घरी लिहिणे. इंग्रज कंपनीचा रेसिडेंटही प्रथम असाच एक वकील म्हणून हैदराबादेस आला. परंतु वकील आणि रेसिडेंट यांत पुढे जे अंतर पडले, ते पडण्यास आपल्याच प्रांतातील दोन लढाया कारणीभूत झाल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिली लढाई शिरूरच्या शेजारची, उदगीरची. १७६० च्या आरंभी सदाशिवराव भाऊंनी तेथे निजामास कोंडले आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख त्याच्याकडून लिहून घेतला. दुसरी लढाई ११ मार्च १७९५ ची, खर्ड्याची. त्या वेळी इंग्रजांनी निजामाच्या साहाय्यास येण्याचे नाकारले, आणि निजाम अली खान पुन्हा एकदा मराठ्यांपुढे वाकला. या अपमानानंतर त्याने रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी वाढविल्या. रेमंड मार्च १७९८ मध्ये वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला कंपनीने निजामाशी तैनाती फौजेचा तह केला आणि २२ ऑक्टोबरला फ्रेंच पलटणींची हत्यारे, फारसा रक्तपात न होता, खाली ठेवविली. हे काम पार पाडणारा रेसिडेंट जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक होय. १८०० च्या तहाने फौजेच्या खर्चासाठी बल्लारी, कडप्पा या बाजूचा मुलूख कंपनीकडे गेला आणि कंपनीच्या संमतीवाचून इतर कोणत्याही सत्तेशी बोलणे लावण्याचा अधिकार निजामाने सोडला.

ज्या राजाला परदरबाराशी बोलण्याचा अधिकारच उरला नाही त्याच्याकडे वकिलाचे काय काम? तरीही नेमक्या याच वेळी हैदराबादेत वकिलासाठी राजवाडा बांधण्याचे घाटले. राजकारणाचे हे घर राजकारण संपल्यावर उभे राहिले. कारण आता त्यात बोलणी व्हावयाची नव्हती, हुकूम व्हावयाचे होते.

या बांधकामाविषयी एक आख्यायिका सांगतात. कर्कपॅट्रिकने कोठीचा व बागेचा भला मोठा नकाशा निजामापुढे पसरला, तेव्हा निजामाने साफ नकार दिला. त्याच्या दिवाणाने की आणखी कोणी मर्म सांगितले की, नकाशा फार मोठा होता. एवढा मोठा कागद पाहून निजामाला आपले निम्मे राज्यच मागितल्यासारखे वाटले. मग तोच नकाशा पत्त्याच्या पानाएवढ्या कागदावर काढून नेला आणि परवानगी तत्काळ मिळाली! गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यात त्या काळच्या राजकारणाचे एक सत्य उतरले आहे. कंपनीचे बहुतेक तह असेच झाले. कागद लहान दिसे. मुलूख मोठा जाई.

काम १८०३ च्या सुमारास सुरू झाले व १८०६ च्या सुमारास पुरे झाले. आराखडा मद्रास इंजिनिअर्स पथकातील लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याचा. निजाम अली खान १८०३ मध्येच वारला आणि बांधकामाचा पुढचा काळ त्याचा पुत्र सिकंदरजाह याच्या कारकिर्दीत गेला. इमारतीची धाटणी पाहता ती दख्खनच्या मातीतून उगवलेली वाटत नाही. दर्शनी बाजूस सुमारे चाळीस फूट उंचीचे सहा खांब, त्यांच्या माथ्यावर पानांची कोरीव गर्दी, वर त्रिकोणी शिरोभाग व त्यात कंपनीचे मानचिन्ह. खाली वीसएक पायऱ्यांची रुंद रांग आणि दोहों अंगांस दगडी सिंह. आत दुमजली उंचीचा दरबारी दिवाणखाना, आरसे, झुंबरे, चित्रित छत, आणि दोन बाजूंनी वर चढत जाणारा भव्य जिना. कलकत्त्यास गव्हर्नर जनरलचा प्रासाद नुकताच, १८०३ मध्ये, पुरा झाला होता. त्याच जातीचा हा दुसरा प्रासाद; फरक एवढाच की, कलकत्त्याचा वाडा कंपनीने आपल्या मुलखात बांधला आणि हा दुसऱ्याच्या मुलखात, दुसऱ्याच्या पैशाने.

दरबाराला येणाऱ्या मनुष्यावर या रचनेचा परिणाम काय होत असेल, याचा विचार केला म्हणजे तिचा हेतू कळतो. आमच्याकडील वाड्यात शिरावयाचे तर दिंडीतून वाकून शिरावे लागते, आणि मग चौकात आल्यावर घर आपल्याभोवती उलगडते. येथे उलट प्रकार. घर दुरूनच सारे दिसते, आणि येणारा मोकळ्या मैदानातून पायऱ्यांकडे चालू लागला म्हणजे पावलोपावली लहान होत जातो. वाड्याची दिंडी पाहुण्याची परीक्षा घेते. या पायऱ्या त्याला त्याची पायरी दाखवितात.

तथापि या दगडी थाटाच्या मागील बाजूस एक निराळे घर होते, आणि त्याची कथा मनास चटका लावणारी आहे. कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या एका प्रतिष्ठित घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी मुसलमानी पद्धतीने विवाह केला होता. तिच्यासाठी आवारात 'रंगमहाल' नावाचा जनाना बांधलेला होता. या दांपत्यास दोन अपत्ये झाली. १८०५ साली दोन्ही मुलांस शिक्षणासाठी विलायतेस पाठविले. जॉर्ज चिनरी या चित्रकाराने मद्रासेस काढलेले त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला कर्कपॅट्रिक कलकत्त्यास मरण पावला. ज्या कोठीसाठी त्याने एवढा खटाटोप केला ती पुरी झालेली त्याने पाहिली नाही. आणि आईने मुलांस पुन्हा पाहिले नाही. खैरुन्निसा १८१३ मध्ये वारली. मुलगी किटी विलायतेत मोठी झाली. ग्रंथकार कार्लाइल याचा तिच्याशी तरुणपणी परिचय होता. उतारवयाकडे झुकताना तिला हैदराबादेतील आजी अद्याप जिवंत असल्याचे कळले आणि दोघींत पत्रे सुरू झाली, पण भेट झाली नाही. रंगमहाल १८६० मध्ये पाडून टाकण्यात आला. साहेबाच्या कोठीत एतद्देशीय स्त्रीचे घर असावे, ही गोष्ट १८५७ नंतरच्या इंग्रजांस मानवणारी नव्हती. पण या भूमीवर स्त्रियांचा वावर पुन्हा कसा सुरू झाला, हे पुढे यावयाचेच आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कोठीच्या सावलीत पहिली मोठी घडामोड झाली ती पैशाची. १८१४ च्या सुमारास विल्यम पामर याने हैदराबादेत पेढी काढली. याचा बाप जनरल पामर हा दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी पुण्यास रेसिडेंट होता, आणि आई हिंदुस्थानी. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कृपाछत्राखाली या पेढीने निजाम सरकारला शेकडा चोवीस-पंचवीस अशा भारी व्याजाने कर्जे दिली आणि तारण म्हणून जिल्ह्यांचा वसूल बांधून घेतला. औरंगाबादेकडील फौजेचा पगार या पेढीने द्यावा आणि त्याच्या बदली साऱ्याच्या रकमा तिच्याकडे लागाव्यात, असाही करार झाला. म्हणजे गोदावरीकाठच्या शेतातील दाणा विकून आलेला रुपया दिवाण चंदूलालच्या खजिन्यात न थांबता थेट रेसिडेन्सीच्या शेजारच्या पेढीत जाऊ लागला. १८२० मध्ये रेसिडेंट होऊन आलेल्या चार्ल्स मेटकाफने साठ लाखांच्या नव्या कर्जास हरकत घेतली व पुढे पेढी बुडाली. मेटकाफने जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रज अधिकारी नेमून साऱ्याचे ठराव करविले, त्यामुळे काही काळ रयतेवरील जुलूम कमी झाला. नासिरुद्दौला १८२९ साली गादीवर आल्यावर ते अधिकारी परत गेले आणि पूर्वीचाच मक्त्याचा खाक्या पुन्हा सुरू झाला.

कर्ज मात्र गेले नाही. निजामाच्या पैशाने पोसलेली, पण रेसिडेंटाच्या हुकमतीखाली असलेली 'कंटिंजंट' फौज हिंगोलीस, औरंगाबादेस, मोमिनाबादेस म्हणजे आपल्या अंबाजोगाईस छावण्या घालून बसली होती. तिचा पगार थकला की तो कंपनीने भरावयाचा व निजामाच्या नावे लिहावयाचा, असे चालले. चाळीस-पन्नास लाखांची बाकी दाखवून कर्नल लो या रेसिडेंटाने २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवाकडील मुलूख कंपनीच्या कारभाराखाली घेतला. नळदुर्गास इंग्रज अधिकारी आला तो या कारणाने. त्याचे नाव मेडोज टेलर. ठगांच्या जबानीवरील त्याची कादंबरी १८३९ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पुढे १८६३ मध्ये त्याने तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर 'तारा' ही कादंबरी लिहिली. हा टेलर म्हणजे त्याच पामर सावकाराचा जावई! सासऱ्याच्या पेढीने संस्थानच्या कर्जाचा पाया घातला आणि त्या कर्जापायी गेलेल्या मुलखाचा कारभार जावयाकडे आला. त्याने तो कळकळीने केला, हे मान्य केले पाहिजे. परंतु योगायोगातील उपरोध त्यामुळे कमी होत नाही.

कोठीच्या भिंतींवर बंदुकीची पहिली गोळी झडली तीही मराठवाड्यातून उठलेल्या वावटळीने. जून १८५७ मध्ये मोमिनाबादेहून औरंगाबादेस आणलेल्या कंटिंजंटच्या रिसाल्यात बंडाळी झाली. तेथून निसटलेला चिदा खान जमादार व त्याचे काही साथीदार हैदराबादेस आले, तेव्हा दिवाण सालारजंगाने त्यांस पकडून रेसिडेंट कथबर्ट डेव्हिडसन याच्या स्वाधीन केले. त्यांच्या सुटकेसाठी १७ जुलैच्या सायंकाळी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन सुमारे पाचशे रोहिल्यांसह रेसिडेन्सीवर चालून गेले. समोरच्या दोन घरांतून रात्रभर गोळीबार झाला. तोफांपुढे तो टिकला नाही. तुर्रेबाज खान पुढे पकडला गेला, निसटला, पुन्हा गाठला जाऊन १८५९ मध्ये मारला गेला. मौलवीस अंदमानास पाठविले आणि तेथेच त्याचा अंत झाला. यानंतर रेसिडेन्सीभोवती भक्कम तट व बुरूज आले. १८६० च्या तहाने निजामाच्या निष्ठेबद्दल धाराशिव व रायचूरचा दुआब परत मिळाला आणि पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परत आले नाही. धाराशिवचा मुलूख सात वर्षांत दोनदा हस्तांतरित झाला, आणि दोन्ही वेळां त्याविषयी तेथील रयतेस कोणी विचारले नाही.

या कोठीच्या आश्रयाने एक चांगली गोष्टही वाढली. ती कोणाच्या हेतूने वाढली नाही, म्हणून तर ती अधिक ध्यानात घेण्याजोगी आहे. रेसिडेन्सीभोवतीच्या बाजारपेठेवर निजामाचा नव्हे, रेसिडेंटाचा अंमल चाले. निजामाच्या हद्दीत सभा भरविणे, संस्था काढणे, छापखाना चालविणे या गोष्टींवर जी बंधने होती, ती या बाजारात तितकी जाचत नसत. साहजिकच सार्वजनिक कार्याची हौस असलेले मराठी, तेलुगू, उत्तर हिंदुस्थानी लोक याच वस्तीत व तिच्या आसपास जमले. आर्य समाजाची शाखा १८९२ मध्ये येथे निघाली; श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ मध्ये शेजारीच स्थापन झाले; १९०७ मध्ये विवेकवर्धिनी ही मराठी मुलांची शाळा सुरू झाली. तिच्या चालकांत केशवराव कोरटकर व वामनराव नाईक ही नावे अग्रभागी होती. कोरटकर मूळ मराठवाड्यातले; वकिली करून पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुलखातून शिकावयास आलेल्या मराठी तरुणाला राजधानीत आपल्या भाषेचा शब्द कानी पडे तो या परिसरात. परसत्तेच्या कुंपणाआड स्वभाषेचे रोपटे जगावे, हा इतिहासाचा एक विचित्र न्याय आहे. १९३३ मध्ये हा बाजार निजामास परत देण्यात आला व तो सुलतान बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. पण तोवर रोपट्याने मूळ धरले होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजांचे सार्वभौमत्व संपले आणि रेसिडेंट हे पदच नाहीसे झाले. मोकळ्या झालेल्या कोठीचे काय करावयाचे, हा प्रश्न तेव्हा नुसता जागेचा राहिला नव्हता. २९ नोव्हेंबरला जैसे थे करार झाला व भारत सरकारचे एजंट जनरल म्हणून कन्हैयालाल मुनशी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादेस आले. भारताच्या प्रतिनिधीने रेसिडेन्सीत राहू नये असा निजाम सरकारचा कटाक्ष होता, आणि मुनशींना बोलारम येथे मुक्काम करावा लागला. निजामाची भीती निराधार म्हणता येत नाही. त्या पायऱ्या चढून जो आत जाईल तो राज्याचा खरा धनी, असे लोक दीडशे वर्षे पाहत आले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांच्या कारवाईने तो वाद मिटला. आता तर भारताचा प्रतिनिधी खुशाल त्या कोठीत राहू शकला असता. परंतु तसे झाले नाही. १९४९ मध्ये ती कोठी मुलींच्या महाविद्यालयास देण्यात आली.

या निर्णयाचे महत्त्व नीट कळण्यासाठी अशा इतर वास्तूंचे काय झाले ते पाहावे. पुण्यास संगमावर एल्फिन्स्टनचा बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पेशव्यांच्या फौजेने तो लुटून जाळला आणि त्यातील ग्रंथसंग्रह व कागदपत्रे भस्मसात झाली. लखनौची रेसिडेन्सी १८५७ च्या वेढ्यात मोडली. ती तशीच भग्नावस्थेत राखली आहे. बोलारम येथील रेसिडेंटाचा बंगला राष्ट्रपतींच्या दक्षिणेतील निवासासाठी राखण्यात आला व आज तो राष्ट्रपती निलयम म्हणून ओळखला जातो. एक जळाली, एक भग्नच राहिली, एकीत मोठ्याच्या जागी मोठा आला. परक्या सत्तेच्या घराचे या तीन परींनी काय करता येते ते सर्वांस ठाऊक आहे. हैदराबादने चौथी परी दाखविली: घर तसेच ठेवले आणि आत येणारी माणसे बदलली.

हे महाविद्यालय १९२४ साली अवघ्या सात विद्यार्थिनींनिशी सुरू झाले होते व उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. कोठीत ते आले तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. औरंगाबादचे १९५८ मध्ये निघाले आणि नांदेडचे १९९४ मध्ये. त्या आरंभीच्या वर्षांत आपल्या मुलखातील ज्या घराने मुलीस उच्च शिक्षण द्यावयाचे मनावर घेतले, त्याच्या दृष्टीसमोर राजधानी म्हणून हैदराबादच असे. ज्या दिवाणखान्यात जिल्ह्यांच्या वसुलाची तारणे आणि प्रांतांचे तह यांची चर्चा झाली त्यात मुलींनी वह्या उघडाव्यात, आणि ज्या आवारातून रंगमहाल पुसून टाकला त्यातच ज्ञानार्जनासाठी आलेल्या स्त्रियांचा बेधडक वावर सुरू व्हावा, यासारखी फेड आणखी कोणती असू शकेल? रयतेचा पैसा त्या दिवशी व्याजासह नव्हे, पण मुद्दलापुरता तरी परत मिळाला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. झुंबरांचे दिवाणखाने हे वर्गासाठी बांधलेले नसतात. फळे, बाके, विजेच्या तारा, हजारो पावलांचा रोजचा वावर यांनी नाजूक वास्तू झिजते. आणि महाविद्यालयाच्या तुटपुंज्या तरतुदीतून चित्रित छताची निगा कशी राहणार? हैदराबादेत हेच झाले. अर्धशतकाच्या आत कोठी गळू लागली, भिंतींतून झाडे फुटली, आणि अखेर मुख्य इमारतीतून वर्ग हलवून शेजारच्या नव्या इमारतींत न्यावे लागले. २००२ मध्ये जागतिक स्मारक निधी या संस्थेने धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला. त्यानंतर बरीच वर्षे दुरुस्ती चालून २०२३ मध्ये ती लोकांस पाहण्यासाठी खुली झाली. तेव्हा वापरानेच वास्तू बिघडली, तिचे प्रथमपासून संग्रहालय केले असते तर बरे झाले असते, असे काहींस वाटते.

आम्हांस हे पटत नाही. वापराने वास्तू झिजते हे खरे. परंतु वापरावाचून ती मरते, हे त्याहून खरे. पन्नास वर्षे त्या छताखाली कोणी ना कोणी होते, म्हणून गळती दिसली, ओरड झाली, यादीत नाव गेले. कुलूप लावून ठेवलेल्या किती गढ्या आणि किती देवड्या मराठवाड्यात गुपचूप बसल्या, त्यांची यादी कोणी केली आहे काय? झीज ही वापराची चूक नसून निगा न राखण्याची आहे. घर कोणास द्यावयाचे हे ठरविताना त्याच्या निगेचा खर्च कोणी द्यावयाचा हेही ठरविले पाहिजे. हा व्यवहार १९४९ मध्ये अपुरा राहिला. कुटुंबवत्सल वाचकांस हे अधिक सांगावयास नको. लेकीला सासरी पाठविताना घर चांगले पाहतात, तसे त्या घरातील चूल चालेल की नाही हेही पाहतात.

या इतिहासाचा शेवटचा भाग अगदी अलीकडचा आहे. २०२२ मध्ये या महाविद्यालयाचे स्वतंत्र महिला विद्यापीठ झाले, आणि २०२४ मध्ये त्याला चाकली इलम्मा हिचे नाव देण्यात आले. इलम्मा ही पालकुर्ती गावची परीट समाजातील शेतकरी स्त्री. चार एकर कसण्याच्या हक्कासाठी ती विसनूरच्या देशमुखाविरुद्ध उभी राहिली आणि तेलंगणातील शेतकऱ्यांच्या लढ्याचे एक प्रतीक झाली. १९८५ मध्ये ती वारली. देशमुखी वतनाचा दाब काय असतो हे मराठवाड्यातील वाचकांस समजावून सांगण्याची जरुरी नाही. ज्या कोठीतून निघालेल्या तहांनी साऱ्याचा भार वाढविला, त्याच कोठीवर सारा भरणाऱ्या आणि जमिनीसाठी भांडणाऱ्या एका स्त्रीचे नाव लागावे, हा फेरबदल आम्हांस कोणत्याही पुतळ्याहून मोलाचा वाटतो. कंपनीचे मानचिन्ह शिरोभागावर राहो. त्याच्याखालून कोण आत जाते, यावर घराची मालकी ठरते.

आपल्याकडे प्रश्न उरतो तो आपला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि निलंगा-उदगीरचा टापू बीदरहून धाराशिवास जोडला गेला. पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. सीमा बदलल्या तशी हैदराबादची वाट मोडली, आणि तेथील आपल्या हिशेबाची आठवणही मावळली. मराठी भाषकांनी मराठी राज्यात यावे हे योग्यच झाले. पण जुने घर सोडताना त्याचे कागद तेथेच टाकून येऊ नयेत. हिंगोलीच्या छावणीत, अंबाजोगाईच्या रिसाल्याच्या जागेत, नळदुर्ग-तुळजापूरकडील टेलरच्या काळच्या वास्तूंत त्याच कारभाराच्या खुणा अद्याप सापडतात. ज्या उभ्या आहेत त्यांपैकी एखादीत तालुक्याचे ग्रंथालय, एखादीत मुलींचे वसतिगृह, एखादीत जुन्या दप्तरांचा संग्रह ठेवता येणार नाही काय? त्यासाठी प्रासाद लागत नाही. छत शाकारण्याची वार्षिक तरतूद आणि दार उघडणारा मनुष्य लागतो. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी पुढे मुलींसाठी असे घर उघडले, तर हैदराबादच्या कोठीने दिलेला धडा आपण घेतला असे म्हणता येईल. आपल्या वाडवडिलांनी त्या कोठीचा खर्च न विचारता भरला होता. तिच्यापासून मिळालेला धडा तरी आपण विचारपूर्वक घ्यावा.